काळ्या मसाल्याची यादी

आमच्या घरी पाककृती कोणी कधी लिहून ठेवली नाही. स्वयंपाकाशी संबंध असलेला लिहिलेला कागद असा एकच होता, आणि तो म्हणजे किराणा-हिशेबाच्या वहीतले शेवटचे पान, ज्यावर वर्षाच्या काळ्या मसाल्याची यादी होती. मिरची दोन किलो, त्यात निम्मी लवंगी आणि निम्मी ब्याडगी; धणे एक किलो; सुके खोबरे अर्धा किलो; तीळ पाव किलो; आणि मग तोळ्यांच्या हिशेबात लवंग, मिरे, दालचिनी, दगडफूल, नागकेशर, शहाजिरे, बाद्यान आणि तमालपत्र. वही संपली की हे पान नव्या वहीत उतरवले जाई. त्या यादीत कृतीचे एक अक्षरही नव्हते. धणे कोरडे भाजायचे की तेलावर, खोबरे किती लाल करायचे, हिंगाचा खडा आधी तळायचा की शेवटी, हे कुठेही नोंदलेले नव्हते. बाजारातून पैसे मोजून जे आणायचे ते कागदावर आले आणि घरातल्या घरात जे हातांनी व्हायचे ते हातांकडेच राहिले.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करण्यासाठी अमळनेर तालुक्यातले घर सोडून मी पुण्यात आले, तेव्हा माझ्याबरोबर त्या मसाल्याचा एक डबा आला. विद्यापीठापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर चौघीजणींनी मिळून एक जागा भाड्याने घेतली. एक गुहागरकडची, एक गडहिंग्लजची, एक नांदेड जिल्ह्यातली आणि खानदेशातली मी. पहिले काही महिने आम्ही मेसवर काढले. पुण्याच्या मेसमधल्या आमटीत गूळ असतो, आणि त्यात वाईट काही नाही, कारण ती त्या भागाची आमटी आहे. पण ज्या जिभेला लसणाच्या आणि मिरचीच्या फोडणीची सवय आहे तिला ती आमटी रोज खाताना पथ्यावर असल्यासारखे वाटते. मग एक इंडक्शनची शेगडी आली, एक कुकर आला, गडहिंग्लजच्या मैत्रिणीने घरून बिडाचा तवा आणला आणि आम्ही पाळीपाळीने स्वयंपाक करू लागलो. माझ्या पाळीच्या दिवशी जे शिजे त्याची कृती लिहून द्यावी, असा आग्रह बाकीच्या तिघींनी धरला आणि घरच्या पाककृती पहिल्यांदाच कागदावर येऊ लागल्या.

मला लिहिण्याची एकच शिस्त माहीत होती, ती प्रयोगशाळेच्या नोंदवहीची. उद्देश, उपकरणे, साहित्य, कृती, निरीक्षण, अशा क्रमाने मी लिहू लागले. साहित्य लिहिणे सोपे होते. कृती लिहिण्यासाठी आईला, आजीला, कधी काकूला फोन करावे लागले. खरी अडचण उपकरणांच्या सदरात आली, कारण ते सदर संपेचना. घरच्या साध्या शेवभाजीसाठी पाटा-वरवंटा लागतो, कांदे भाजायला चुलीतला निखारा लागतो, निखारा हवा तर दुपारच्या स्वयंपाकाची चूल पेटलेली लागते, आणि पाट्यावर बसायला घरात असे एक माणूस लागते ज्याला त्या वेळी दुसरे काम नाही. प्रयोगशाळेत आम्ही माणसाला उपकरण म्हणून नोंदवत नाही. पण कृती दुसऱ्याला करता यावी अशी लिहायची तर आजीच्या चाळीस वर्षांच्या सरावाचे काय करायचे, हा प्रश्न मला त्या सदरापाशी पडला आणि तो अजून पुरता सुटलेला नाही.

शेवभाजीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण खानदेश म्हटले की बाहेरच्या माणसाला तीच आठवते आणि हॉटेलात तिचे जे होते त्यावरून तिच्याबद्दल गैरसमजही बरेच आहेत. चार माणसांसाठी तीन मध्यम कांदे सालीसकट निखाऱ्यावर भाजतात. वरची साल काळी होते, आतला गर मऊ आणि गोडसर होतो. सुक्या खोबऱ्याचा अर्धा तुकडा विस्तवावर धरून त्याच्या कडा पेटेपर्यंत भाजतात आणि लगेच विझवतात. हे दोन्ही, दहा-बारा लसणाच्या पाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले आणि देठांसकट कोथिंबीर पाट्यावर वाटतात. शेंगदाण्याचे तेल अर्धी वाटी घ्यावे लागते. इथे हात आखडला तर पुढचे काहीच जमत नाही. तेलात वाटण घालून ते परतत राहायचे, पातेल्याच्या कडेने तेल वेगळे दिसू लागले की आच कमी करून हळद, लाल तिखट आणि दोन चमचे काळा मसाला घालायचा, आणि करपायच्या आत उकळते पाणी ओतायचे. मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. म्हणून मसाला तेलात पडला पाहिजे आणि त्या तेलाचा थर रश्श्यावर दिसला पाहिजे. त्यालाच तर्री म्हणतात. शेव जाड आणि तिखट, भाजीसाठी म्हणूनच मिळणारी घ्यायची आणि ती पातेल्यात घालून उकळत ठेवायची नाही. ताटात बसल्यावर वाटीत शेव, वरून रस्सा, आणि शेव बाहेरून मऊ पण मध्ये जराशी कडक असतानाच भाकरीचा घास. जेवायला बसणाऱ्यांची वाट शेव पाहत नाही, तेव्हा घरातली सगळी माणसे एका वेळी बसली पाहिजेत, हीसुद्धा या कृतीतली एक पायरीच आहे.

आमच्या खोलीवर निखारा नाही आणि पाटाही नाही. कांदे तव्यावर भाजता येतात, खोबरे किसून कोरडे परतता येते, वाटण मिक्सरमध्ये होते. फरक एवढाच पडतो की मिक्सरचे पाते फिरायला पाणी लागते आणि वरवंट्याला हाताचा जोर पुरतो. जास्त पाणी वाटणात गेले की ते आटेपर्यंत तेलात परतत उभे राहावे लागते, म्हणजे पाट्यावर वाचवलेली मेहनत शेगडीपाशी पुन्हा मोजून द्यावी लागते. हे मी निरीक्षणाच्या सदरात लिहिले. आईला ते वाचून दाखवले तेव्हा तिने एवढेच विचारले, "आणि आजीनं वाटलंय की काकूनं, ते लिहिलंस का?" त्या प्रश्नात थट्टा होती, पण निव्वळ थट्टा नव्हती. आमच्या घरात आजीचे वाटण गंधासारखे बारीक असते आणि काकूचे जरा भरड राहते. रस्सा कोणाच्या वाटणाचा आहे हे पहिल्या घासाला सांगणारी माणसे घरात आहेत.

या फोनाफोनीत मला जी गोष्ट पहिल्यांदा नीट दिसली ती अशी, की जिला मी 'घरची' म्हणून लिहीत होते ती पाककृती मुळात आमच्या घराची नव्हतीच. आजीचे माहेर तापीपलीकडे, चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला. आई साक्री तालुक्यातली, जिथे पश्चिमेच्या डोंगराळ पट्ट्यात नागली पिकते. काकू बुऱ्हाणपूरची, म्हणजे फारुकी सुलतानांच्या काळात जी खानदेशाची राजधानी होती आणि आज मध्य प्रदेशात आहे त्या गावची. काळ्या मसाल्यात खसखस काकूमुळे आली. आजीने ती यादीत लिहू दिली नाही, पण मसाला भाजायच्या दिवशी काकू ती वेगळी आणत राहिली आणि आता ती सगळ्यांच्या तोंडी बसली आहे. शेवभाजीच्या रश्श्यात टोमॅटो घालावा की नाही, यावर या तिघींचे आजही एकमत नाही. आई आमटीत आमसूल घालते, आजी चिंच. घराचे नाव पुरुषांकडून चालत आले आणि घराची चव दर पिढीला बाहेरून आलेल्या बायकांकडून. त्यामुळे आमच्या चुलीवर जे शिजते त्यावरून खरे तर त्या चुलीपाशी आलेल्या सुनांची गावे ओळखता यावीत.

या देवाणघेवाणीची जागा म्हणजे आखाजी. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो आणि खानदेशात तिचे महत्त्व दिवाळीपेक्षा कमी नाही. पितरांच्या नावाने घागर भरतात, सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात आणि घरोघरी आमरसाबरोबर खापरावरचे मांडे किंवा पुरणपोळी असते. माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून ज्या गोष्टी बोलतात त्यांत सासरच्या स्वयंपाकाची उजळणी फार मोठी असते. अमुक ठिकाणी वरणाला हिंग चालत नाही, तमुक घरी बट्ट्या, म्हणजे पिठाचे घट्ट गोळे, आधी उकडून मग चिरून तळतात, कोणाकडे बट्टीच्या पिठात मक्याचे पीठ घालतात आणि कोणाकडे नुसता गव्हाचा रवाळ आटा. तक्रारीच्या सुरात सांगितलेल्या या गोष्टी पुढच्या वर्षी माहेरच्या चुलीवर करून पाहिल्या जातात. मी लहानपणी त्या बोलण्याकडे कंटाळून पाहत असे. आता वाटते की आमच्या भागातल्या अन्नाचा सगळा व्यवहार त्या झोक्यांवर चालत होता.

म्हणजे आजवर आमच्या घरातून पाककृती बाहेर गेली ती लग्न झालेल्या मुलीबरोबर, आणि आत आली ती लग्न होऊन आलेल्या सुनेबरोबर. तिला नवीन घरी गेल्यावर दुरुस्त करणारी सासू असे, हात लावणारी जाऊ असे, नावे ठेवणारी नणंद असे. चव त्या सगळ्या घासाघाशीतून पुढे जाई. घासाघाशी म्हणताना मी तिचे कौतुक करत नाही. तिच्यात अपमान पुष्कळ होता आणि एखाद्या सुनेने माहेरची आमटी पंधरा वर्षे केलीच नाही असेही झाले आहे. मी या घरातली पहिली मुलगी आहे जिच्याबरोबर पाककृती शिक्षणासाठी बाहेर पडल्या. माझ्या भाकरीला नाव ठेवायला खोलीवर कोणी नाही, हे सुख आहे. आणि भाकरी थापताना पीठ फाटले तर बाजूला बसून ते सावरणारेही कोणी नाही.

भाकरीचेच सांगते. कळण्याची भाकरी ही मला बाहेरगावी राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आमच्याकडची सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते. चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे काळे उडीद आणि थोडे खडे मीठ घालून हे धान्य एकत्र दळतात. काही घरांत चमचाभर मेथीदाणेही घालतात. नुसत्या ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून ते उकळत्या पाण्याने भिजवून भरपूर मळावे लागते आणि तरी नवशिक्या हाताखाली कडा चिरतात. कळण्यात उडदाचा चिकटपणा असतो. पीठ एकसंध राहते, भाकरी थापताना सरकते पण तुटत नाही. ज्वारी-उडीद एकत्र आल्याने ती पोटालाही धरून राहते आणि तिच्याबरोबर कांदा, ठेचा आणि कच्चे तेल एवढे असले तरी जेवण होते. इंडक्शनवर जाळ नसल्याने भाकरी तव्यावरून काढून विस्तवावर फुगवता येत नाही. बिडाचा तवा चांगला तापवून, भाकरी टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवून, ते सुकत आले की उलटून भाजून, मग पुन्हा उलटून स्वच्छ फडक्याने कडेकडेने दाबत गेले की ती फुगते. नांदेडच्या मैत्रिणीला भाकरी माझ्यापेक्षा चांगली येते, कारण तिच्याकडे ज्वारी हेच मुख्य अन्न आहे. तिने पहिल्याच दिवशी कळण्याची भाकरी हातावर अशी मोठी केली की परातीला हात लावायचे कारणच उरले नाही.

सर्व पाककृतींचे असे बस्तान बसत नाही. भरिताचे बसलेच नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ते वांगे ज्यांनी पाहिले नसेल त्यांना पुण्याच्या मंडईतले जांभळे वांगे आणि ते यांतला फरक सांगून पटत नाही. बामणोदचे किंवा असोद्याचे वांगे हिरवट, पांढरट छटेचे, हाताच्या पंजाहून मोठे आणि आत बिया अगदी थोड्या असलेले असते. थंडी पडली की ते बाजारात येते. कपाशीची वेचणी होऊन गेल्यावर शेतात ज्या वाळक्या पऱ्हाट्या उभ्या असतात त्यांचा जाळ करून वांगी त्यात भाजतात. हा जाळ भडकतो लवकर आणि ओसरतोही लवकर, त्यामुळे साल पूर्ण करपते आणि गर आपल्याच पाण्यात शिजतो. मग साल काढून लाकडी बडगीत मुसळाने गर ठेचतात. बरोबर भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचले जातात, वर तेलात तळलेले शेंगदाणे, कांद्याची पात आणि कोथिंबीर पडते. हे सगळे मी लिहून काढले आणि मग उपकरणांचे सदर वाचले: कपाशीचे शेत, हिवाळा, बडगी, मुसळ उचलणारे दोघे, आणि वीस-पंचवीस खाणारे. चार माणसांसाठी भरीत करता येते, नाही असे नाही. गॅसवर वांगे भाजून काट्याने ठेचलेले भरीत आई घरीही करते. पण त्याला घरात कोणी भरीत म्हणून दाद देत नाही.

इथे एक गोष्ट नोंदवल्याशिवाय राहवत नाही. शेतातल्या भरीत पार्टीत पुरुष हौसेने पुढे असतात. जाळ तेच करतात, मुसळ तेच मारतात, तिखट किती पडावे यावर तेच वाद घालतात, आणि आमच्या काकांइतके चांगले भरीत गावात कोणाला येत नाही हे काकूही मान्य करते. शंभर-शंभर कळण्याच्या पुऱ्या मात्र घरातून तळून येतात आणि बडगी घासायला घरीच परत जाते. जे उघड्यावर, लोकांसमोर आणि वर्षातून दोन-चारदा होते ते काम कौशल्याचे ठरते. जे दररोज सकाळी साडेपाचला होते त्याला कामच म्हणायची पद्धत नाही. माझ्या नोंदवहीत मी पुऱ्यांचे प्रकरण भरिताच्या कृतीतच घातले आहे, वेगळे काढलेले नाही.

बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या वाळवलेल्या पापडांचे, असेच. उन्हाळ्यात ज्वारीचा कोंडा काढून ती भिजवायची, भरडायची, आणि पहाटे मोठ्या पातेल्यात लसूण, मिरची, जिरे आणि तीळ घालून तिचा घाटा शिजवायचा. तो घाटा ढवळायला मनगटात ताकद लागते आणि तो गरम असतानाच ओल्या कापडावर हाताने पातळ थापावा लागतो, म्हणून एका घरच्या बिबड्या कधीच एका घरच्या बायका करत नाहीत. आज आमच्याकडे, उद्या समोर, परवा मागच्या वाड्यात, अशा पाळ्या लागतात. पोरासोरांना वाटीभर गरम घाटा आणि वर कच्चे तेल मिळते, कावळे राखायचे काम लागते. वर्षभर पुरणारा तो डबा म्हणजे गल्लीने एकमेकींना दिलेल्या दिवसांचा हिशेब आहे, पण तो हिशेबाच्या वहीत नाही. मला गुहागरच्या मैत्रिणीने विचारले की एका वेळी किलोभराच्या बिबड्या करायच्या असतील तर प्रमाण काय. मी आजीला विचारले. तिला प्रश्नच कळेना. किलोभर ज्वारीसाठी गल्लीतल्या बायकांना बोलवायचे तरी कसे, हे तिच्या दृष्टीने आधी ठरायला हवे होते.

मांडे मी लिहिलेच नाहीत. उपड्या खापरावर, दोन्ही हातांवर झेलत झेलत पातळ केलेली पुरणाची पोळी टाकणे हे सरावाच्या हातांचे काम आहे आणि आमच्या गल्लीतही ज्यांना ते येते अशा बायांना मानाने बोलावतात. इंडक्शनवर मातीचे खापर तापतही नाही. तो विषय तिथेच संपला.

बाहेरगावी शिकणाऱ्या मुलांच्या पोटाची सोय कोणाच्या कष्टातून होते, हा प्रश्न महाराष्ट्रात जुना आहे. पुण्यात गरीब विद्यार्थी आठवड्याचे वार लावून सात घरी जेवत किंवा माधुकरी मागत. आज पुणे विद्यार्थी गृह म्हणून ओळखली जाणारी संस्था १९०९ मध्ये अशाच विद्यार्थ्यांच्या गरजेतून अनाथ विद्यार्थी गृह या नावाने उभी राहिली. वार लावून जेवलेल्या मोठ्या माणसांच्या आठवणींत त्या घरांतल्या पुरुषांची नावे सापडतात; रोज एका परक्या मुलाचे पान जिने वाढले तिचा उल्लेख 'त्या माउली'पुरता असतो. साताऱ्याला १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी निरनिराळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह सुरू केले, तेव्हा धान्य संपले की त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने मोडले गेले आणि शेवटी मंगळसूत्रही गेले. एका पंगतीला बसलेली ती मुले स्वयंपाकातही हात लावत. मला त्या वसतिगृहाबद्दल वाचताना नेहमी वाटते की तिथल्या आमटीची कृती कोणीतरी लिहून ठेवायला हवी होती. ती चवदार असेलच असे नाही. पण वेगवेगळ्या जातींच्या घरांतून आलेल्या मुलांना एकच आमटी चालली पाहिजे, तर तिच्यात काय घालायचे आणि काय वगळायचे, हे कोणीतरी ठरवले असणार.

आमच्या खोलीवर तसे ठरवावे लागते, लहान प्रमाणावर. गडहिंग्लजच्या मैत्रिणीकडे कांदा-लसूण चटणी येते आणि तिच्या मते ती असताना माझ्या काळ्या मसाल्याची गरज नाही. गुहागरची मैत्रीण ओल्या नारळावर वाढलेली. तिने शेवभाजीचे वाटण ओल्या खोबऱ्याचे केले. मी आधी विरोध केला, मग खाल्ले. रस्सा गोडसर झाला, तर्री फिकी पडली, पण शेवेचा तिखटपणा त्यामुळे वेगळा उठून दिसला. तो पदार्थ मी नोंदवहीत शेवभाजीच्या खाली न लिहिता स्वतंत्र पान करून, तिच्या गावाच्या नावाने लिहिला. आजीला फोनवर सांगितले तेव्हा तिने नाक मुरडले असणार, पण मग विचारले की नारळ किती घातला. आजी असा प्रश्न विचारते तेव्हा तिच्या मनात करून पाहायचे असते. काकूच्या खसखशीच्या वेळी तिने हाही प्रश्न विचारला नव्हता.

आता मी प्रत्येक कृतीच्या वर, साहित्याच्याही आधी, एक ओळ लिहिते: हे किती जणांचे काम आहे. बिबड्यांवर 'गल्ली' असे लिहिले आहे. भरितावर 'शेतात चार, घरात तीन'. शेवभाजीवर 'दोघी, त्यातली एक वाटणाला'. आईला ही पद्धत पटलेली नाही. तिचे म्हणणे असे, की वाचणारीला आधी धास्ती बसेल आणि ती करायलाच जाणार नाही. स्वयंपाकाला सुरुवात करताना पुढचे सगळे दिसू नये, हेच बरे. तिने ज्या वयात या चुलीचा ताबा घेतला ते पाहता तिला तसे वाटणे स्वाभाविक आहे. मला मात्र धास्ती बसलेली चालेल, कारण चौघींपैकी प्रत्येकीला परीक्षा आहेत आणि एकीच्या कृतीत दुसरीचा तास किती जाणार हे आधी कळलेले बरे असते.

'एकटीचे काम' अशी ओळ ज्यावर आहे ती कृती आमच्या घरी एकच निघाली, ती म्हणजे रात्रीची खिचडी. खानदेशात शेतावरून उशिरा आलेल्या घरात संध्याकाळी हीच होते. एक वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी तूरडाळ एकत्र धुऊन घ्यावी. कुकरमध्ये दोन चमचे तेलात मोहरी, जिरे, उभा चिरलेला कांदा आणि मूठभर शेंगदाणे परतावेत, हळद, मीठ आणि एक चमचा काळा मसाला घालावा, डाळ-तांदूळ टाकून साडेचार वाट्या पाणी ओतावे आणि चार शिट्ट्या कराव्यात. कुकर निवेपर्यंत पापड भाजून घ्यावा. खिचडी मऊ, पळीवरून सावकाश खाली येईल अशी झाली पाहिजे. घट्ट वाटली तर गरम पाणी घालून सारखी करावी. मग छोट्या कढल्यात पाव वाटी शेंगदाण्याचे तेल तापवून त्यात ठेचलेला भरपूर लसूण तांबूस होऊ द्यावा, आच बंद करून लाल तिखट टाकावे आणि ही फोडणी ज्याने त्याने आपल्या ताटात वरून घ्यावी. कुकरमध्ये ओतली तर लसूण मऊ पडतो.